चंद्रपूरचा बर्फ किती जाड होता?

चंद्रपूर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतं ते बहुतेक मे महिन्यात, पारा ४७ अंशांवर गेला की. त्याच चंद्रपूरच्या पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवर, पैनगंगेच्या काठी, इरई नावाचं गाव आहे. (शहराजवळची इरई नदी आणि तिच्यावरचं धरण वेगळं. नावामुळे गल्लत होते.) १८७२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फेडन या भागात काम करत होते. तिथे त्यांना चुनखडीचा एक विचित्र पृष्ठभाग दिसला. झिलई केल्यासारखा गुळगुळीत, आणि त्या झिलईवर ओरखडे आणि लांब खाचा. वर जो थर बसला होता तोही तऱ्हेवाईक: बारीक चिखलात मुठीएवढ्या दगडापासून मोठाल्या धोंड्यांपर्यंत सगळं एकत्र कालवलेलं.

नदीनेच केलं असेल, असं कुणालाही आधी वाटेल. पण नदीची कामाची रीत वेगळी. नदी निवडून टाकते. जोर असेल तिथे गोटे, जोर ओसरला की वाळू, आणि अगदी संथ पाण्यात गाळ. धोंडा आणि चिखल एकाच जागी टाकणं तिच्या स्वभावात नाही. शिवाय ओरखड्यांचा प्रश्न उरतोच. पाट्याला टाकी लावताना पाहिलं असेल, तर फरक लगेच कळेल. टाकीवाला ठोके मारतो, म्हणून पाट्यावर टिंबं उठतात. लांब ओरखडा काढायचा तर हत्यार दाबून धरून ओढायला हवं. नदीतला दगड उड्या मारत जातो, तो ठोके देतो. दगड घट्ट पकडून, वरून प्रचंड दाब देऊन, एकाच दिशेने फरफटत नेणारी गोष्ट निसर्गात मुख्यतः एकच आहे: सरकणारा बर्फ. ज्या दगडाने ओरखडा काढला त्यालाही बर्फ सोडत नाही. अशा दगडाची एखादी बाजू घासून घासून सपाट होते, अंघोळीच्या साबणाची वडी शेवटी शेवटी होते तशी, आणि त्या सपाट बाजूवरही ओरखडे असतात. इरईच्या थरात तसे दगड सापडले.

फेडन यांनी १८७५ साली यावर टिपण छापलं, त्याच्या मथळ्यातच उष्ण कटिबंधातल्या भारतात बर्फ असल्याचा पुरावा, असा उल्लेख होता. त्याआधी १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेरला ब्लॅनफर्ड बंधूंनी असेच धोंडे पाहून बर्फाची शंका बोलून दाखवली होती. त्यातले हेन्री ब्लॅनफर्ड पुढे भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले. हा सगळा थर आज तालचेर याच नावाने ओळखला जातो आणि त्याचं वय ढोबळमानाने ३० कोटी वर्षं आहे.

आता खरी गोष्ट. बर्फ होता हे ओळखणं तुलनेने सोपं. तो कुठवर पसरला होता, हे चिकाटीने शोधता येतं. पण किती जाड होता? तिथे भल्याभल्यांची दमछाक होते. कारण बर्फाची उंची ही हवेत असते, आणि बर्फ वितळला की त्या जागी हवाच उरते. जीवाश्म नाही, हाड नाही, राख नाही. खंडाएवढ्या हिमस्तराचं म्हणजे बर्फाच्या चादरीचं चित्र उभं करणारे शास्त्रज्ञ आयुष्यभर भांडतात ते मुख्यतः या उंचीवरून.

चंद्रपूरचा हिशोब करण्याआधी ज्या हिमस्तरावर सगळी हत्यारं पारजली गेली, तिकडे जाऊ. तो अगदी कालपरवाचा आहे, सुमारे २१,००० वर्षांपूर्वीचा.

कड सापडते

तेव्हा जवळजवळ सगळा कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग लॉरेन्टाइड नावाच्या हिमस्तराखाली होता. युरोपात स्कॅन्डिनेव्हियावर दुसरा होता. हिमस्तर पुढे सरकताना वाटेतली माती-दगड कडेला आणून टाकतो, बुलडोझरपुढे ढीग साचतो तसा. या ढिगाला हिमोढ म्हणतात. न्यू जर्सीतून असा हिमोढ आडवा जातो. पर्थ ॲम्बॉयपासून मेटुचेन, प्लेनफिल्ड, समिट, मॉरिसटाउन करत पश्चिमेला बेल्व्हिडिअरपर्यंत. एडिसनच्या बाजूला आपली किती माणसं राहतात हे सांगायला नको. त्यांच्यापैकी अनेकांचा रोजचा रस्ता ज्या बुटक्या टेकाडांवरून चढ-उतार करतो, ती बर्फाने आणून टाकलेली आहेत. तिथून दक्षिणेला तो बर्फ गेला नाही. इतकी स्वच्छ रेघ निसर्ग क्वचितच ओढतो. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कच्या उघड्या खडकांवर बर्फाने पाडलेल्या खाचा आहेत, आणि हडसन नदीच्या पलीकडच्या खडकाचे धोंडे नदी ओलांडून अलीकडे येऊन पडले आहेत. दिशा सांगायला एवढं पुरे.

बर्फाच्या खाली घडलेल्या टेकड्या असतात, उलट्या ठेवलेल्या चमच्यासारख्या, सगळ्यांची शेपटी एकाच बाजूला. बर्फाखालच्या बोगद्यातून वाहणाऱ्या ओढ्यांनी टाकलेले वाळू-गोट्यांचे नागमोडी बांध असतात. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून अशा हजारो खुणा नकाशावर मांडल्या जातात. एकाच जागी दोन दिशांचे ओरखडे एकमेकांना छेदत असतील, तर कुठला आधीचा हे ठरवावं लागतं. म्हणजे बर्फाचा मध्य मधल्या काळात सरकला होता.

प्रामाणिक नकाशा एका रेषेत कधीच नसतो. युरेशियाच्या हिमस्तरांचा २०१६ साली आलेला नकाशासंच मला याच कारणासाठी आवडतो. दर काळासाठी त्यात तीन रेषा आहेत: बर्फ कमीत कमी इथवर होता, जास्तीत जास्त इथवर असू शकतो, आणि आमचा भरवसा इथवर. काही ठिकाणी या तीन रेषा एकमेकींना चिकटून आहेत, काही ठिकाणी शेकडो किलोमीटर फाकलेल्या.

दगडातलं घड्याळ

कड सापडली, पण केव्हाची? बर्फ हटल्यावर तिथल्या तळ्यात पहिला पाला पडतो, त्याचं कार्बनी वय काढता येतं. पण पाला पडायला बर्फ गेल्यानंतर शतकं लागू शकतात. थेट दगडालाच विचारता आलं तर?

ते येतं, आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. देवेंद्र लाल हे बनारसचे भौतिकशास्त्रज्ञ १९४९ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तिथे तेव्हा विश्वकिरणांवर, म्हणजे अंतराळातून अखंड बरसणाऱ्या अतिवेगवान कणांवर, काम चालू होतं. हे किरण हवेतल्या आणि जमिनीवरच्या अणूंवर आदळून जे दुर्मीळ अणू तयार करतात, त्यांचा माग काढणाऱ्या पहिल्या लोकांत लाल आणि त्यांचे सहकारी होते. पुढे १९९१ साली लाल यांनी लिहिलेला निबंध या सगळ्या पद्धतीचा पाया मानला जातो.

कल्पना उन्हात रापण्यासारखी आहे. गारगोटीत म्हणजे क्वार्ट्झमध्ये ऑक्सिजनचे अणू असतात. त्यावर विश्वकिरणांचा मारा झाला की काही अणू फुटून बेरिलियम-१० तयार होतं. समुद्रसपाटीला, ध्रुवांकडच्या भागात, १ ग्रॅम क्वार्ट्झमध्ये वर्षाला सुमारे ४ अणू. चारच! आणि १ ग्रॅम क्वार्ट्झमध्ये एकूण अणू किती, तर ३ वर २२ शून्यं. जाड बर्फाखाली झाकलेल्या दगडाला हा मारा लागत नाही. बर्फ हटला की दगड उघड्यावर येतो आणि मोजणी सुरू होते. २०,००० वर्षं उघडा पडलेल्या दगडात ग्रॅममागे ८०,००० अणू जमतात, आणि ते मोजायला कण-त्वरक यंत्र लागतं. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात ही सोय आहे.

प्रत्यक्ष काम मात्र अंगमेहनतीचं. हिमोढावर चढायचं, भक्कम बसलेला मोठा धोंडा निवडायचा आणि त्याच्या माथ्याचा वरचा काही सेंटिमीटरचा पापुद्रा छिन्नी-हातोड्याने काढायचा. किलोभर दगड पिशवीत भरायचा. मग प्रयोगशाळेत तो दळून, आम्लात धुऊन, क्वार्ट्झ सोडून बाकी सगळं काढून टाकायचं. आणि इतकं करूनही धोंडा फसवू शकतो. तो हिमोढात पुरलेला असेल आणि माती वाहून गेल्यावर उघडा पडला असेल, तर वय कमी येतं. उलट बर्फाने त्याचा जुना रापलेला थर खरवडून काढलाच नसेल, तर आधीची शिल्लक धरून वय जास्त येतं. म्हणून एका जागचे पाच-सहा धोंडे घेतात आणि एखादा फटकून वागला की त्याला बाजूला ठेवतात. त्याला बाजूला ठेवायचं कारण खरं आहे की सोयीचं, यावर वाद होतात.

घड्याळाचा दुसरा प्रकार ग्रीनलंडने दाखवला. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराने तिथल्या बर्फात कॅम्प सेंच्युरी नावाचा तळ खोदला होता. अणुभट्टीवर चालणारा, बर्फाखालच्या बोगद्यांतला. बर्फात क्षेपणास्त्रं लपवता येतील का, हे पाहणं हा आतला हेतू. बर्फ सरकत राहिल्याने तो बेत फसला. पण वैज्ञानिकांनी १९६६ मध्ये तिथे सुमारे १,३९० मीटर खोल छिद्र पाडून बर्फाचा गाभा वर काढला आणि तळाशी लागलेली साडेतीन मीटर गोठलेली मातीही आणली. बर्फावर ढीगभर संशोधन झालं. मातीकडे फारसं कुणी बघितलं नाही. ती इथून तिथे हलत, काचेच्या बरण्यांत, कोपनहेगनच्या शीतगृहात जाऊन पडली आणि २०१७ च्या सुमारास आवराआवरीत पुन्हा हाती लागली. धुतली तर आत काड्या आणि पानं. सव्वा किलोमीटरहून जाड बर्फाखाली टुंड्रातलं झाडोरं! वाळूच्या कणांनी शेवटचा उजेड केव्हा पाहिला, हे सांगणारी एक पद्धत आहे. तिने उत्तर दिलं: सुमारे ४,१६,००० वर्षांपूर्वी, ३८,००० वर्षं इकडे-तिकडे. म्हणजे तेव्हा तिथे हिमस्तर नव्हता. एका बरणीतल्या मातीने ग्रीनलंडच्या बर्फाचा एक मोठा भाग नकाशावरून पुसला.

उंची सापडत नाही

सांगलीत आयर्विन पुलावर पाण्याची पातळी वाचतात. पूर ओसरल्यावरही भिंतीवर चिखलाची रेघ राहते आणि पाणी इथवर होतं असं बोट दाखवून सांगता येतं. बर्फाच्या बाबतीत डोंगर हेच पुलाचे खांब. अंटार्क्टिकात बर्फातून वर डोकावणाऱ्या फोर्ड पर्वतरांगेवर चढत जाऊन वेगवेगळ्या उंचीवरच्या दगडांचं बेरिलियम-वय काढलं. वरचे दगड आधी उघडे पडलेले, खालचे नंतर. गेल्या १०,००० वर्षांत तिथला बर्फ ७०० मीटरहून जास्त खाली बसला, हे २००३ साली असंच कळलं.

छान वाटतं. पण ही रेघ खोटं बोलते. स्कॉटलंडच्या डोंगरांवर अशी रेघ स्पष्ट दिसते: खाली घासलेला गुळगुळीत खडक, वर भुगा झालेला, जुनाट, खडबडीत माथा. कित्येक वर्षं सगळे समजत होते की बर्फ त्या रेघेपर्यंत होता आणि माथे उघडे होते. मग त्या माथ्यांवर परके धोंडे सापडले आणि त्यांचं वय शेवटच्या हिमयुगाचंच निघालं. धोंडा तिथवर नेला कुणी? बर्फानेच. झालं होतं असं, की माथ्यावरचा बर्फ इतका थंड होता की तो खडकाला गोठून चिकटला होता. चिकटलेला बर्फ सरकत नाही आणि न सरकणारा बर्फ घासत नाही. ती रेघ बर्फाच्या पाण्याची नव्हतीच. वरचा चिकटलेला बर्फ आणि खालचा घसरणारा बर्फ यांच्यामधली ती हद्द होती. एका समजुतीपायी स्कॉटलंडवरचा हिमस्तर बरीच वर्षं हवा त्यापेक्षा पातळ दाखवला गेला.

आणि कॅनडाच्या मध्यभागी तर डोंगरच नाहीत. हडसन उपसागरावर ३ किलोमीटरच्या आसपास जाड बर्फ होता असं मानतात, पण पट्टी लावायला खांब कुठे आहे? तिथे वजन मोजावं लागतं.

मळलेल्या कणकेत बोट दाबा आणि काढा. खळगा लगेच भरत नाही, हळूहळू वर येतो. पृथ्वीच्या कवचाखालचा प्रावरणाचा थर असाच वागतो, फक्त हजारो वर्षांच्या वेगाने. बर्फ बसला तेव्हा जमीन शेकडो मीटर दबली. बर्फ जाऊन हजारो वर्षं झाली तरी ती अजून वर येते आहे. स्वीडनमधल्या लोकांना हे आधीपासून दिसत होतं: बंदरं उथळ होत होती आणि सील बसायचे ते खडक पाण्याच्या फार वर राहू लागले होते. १७३१ साली एकाने किनाऱ्यावरच्या खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरली. तो म्हणजे अँडर्स सेल्सिअस; हो, आपल्या ४७ अंशांवाला. त्याला वाटलं समुद्राचं पाणी कमी होतंय. वर येत होती ती जमीन. स्वीडनच्या उंच किनाऱ्यावर जुनी समुद्रकिनाऱ्याची खूण आज समुद्रापासून सुमारे २८६ मीटर उंच आहे. हडसन उपसागराच्या काठी आजही वर्षाला सुमारे १ सेंटिमीटर वाढ होते आणि जुने किनारे घाटाच्या पायऱ्यांसारखे एकामागे एक उभे आहेत. तिथे गुरुत्वाकर्षणही किंचित कमी आहे, काही अंशी खालचा खळगा पूर्ण भरलेला नसल्याने. २००२ साली सोडलेल्या ग्रेस या जुळ्या उपग्रहांनी ते मोजलं.

खळग्याच्या खोलीवरून बोटाचा जोर काढायचा, एवढंच काम. टोरोंटो विद्यापीठाचे रिचर्ड पेल्टियर यांनी यातच हयात घालवली. त्यांच्या हिमस्तर-नकाशांची नावं आइस-४जी, आइस-५जी अशी आहेत. २००४ सालचं हे ५जी मोबाइलच्या ५जीच्या कितीतरी आधीचं. अडचण अशी की कणीक किती घट्ट आहे हेही आपल्याला ठाऊक नाही. घट्ट कणकेत जोरात दाबलं काय आणि सैल कणकेत हळू दाबलं काय, खळगा सारखाच. म्हणजे एका समीकरणात दोन अज्ञातं. १९८१ सालच्या एका मोठ्या प्रकल्पाने उत्तर अमेरिकेवर एकच जाडजूड घुमट दाखवला होता. नव्वदीच्या दशकातल्या नकाशांत तो बराच पातळ झाला. पुढे पुन्हा जाड. या प्रत्येक बदलाबरोबर हवामानाच्या गणितातले वारे आपली वाट बदलतात, कारण ३ किलोमीटरची भिंत आणि २ किलोमीटरची भिंत वाऱ्याला सारखी नसते.

बर्फ समुद्राकडून उसना

जमिनीवरचा प्रत्येक घन किलोमीटर बर्फ समुद्रातून आलेला असतो. म्हणून एकूण बर्फ मोजायचा तर समुद्राची वही उघडायची.

बार्बाडोसच्या किनाऱ्यावर सांबरशिंगासारखं दिसणारं एक प्रवाळ वाढतं. ते उजेडाला चटावलेलं असतं, बहुतेक वरच्या पाचएक मीटर पाण्यातच राहतं. रिचर्ड फेअरबँक्स यांनी तिथल्या समुद्रतळात छिद्रं पाडून हेच प्रवाळ खोलवर मेलेलं शोधलं. १९८९ साली त्यांनी लिहिलं की शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२१ मीटर खाली होता. ढोबळ गुणाकार केला तर ४ कोटी घन किलोमीटरहून जास्त पाणी जमिनीवर बर्फ होऊन बसलं होतं. आपल्या मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळही तेव्हा दूरवर कोरडा होता.

इथेही कणीक आडवी येते. बार्बाडोस हळूहळू वर येतं, ती सूट द्यावी लागते. बेटाच्या खाली अटलांटिकच्या तळाचा घट्ट तुकडा घुसलेला आहे. त्यामुळे तिथलं कवच नेहमीसारखं दबत नाही, असं २०१३ साली दाखवून दिलं गेलं. तो हिशोब घातला की तेच प्रवाळ १२१ ऐवजी १३० मीटरच्या आसपासचा आकडा सांगतं. कर्ट लॅम्बेक यांच्या २०१४ च्या गणितात हा आकडा १३४ मीटर आहे, तर बर्फाची बेरीज करत येणाऱ्यांच्या २०२१ च्या एका नकाशात ११६. फरक १८ मीटरचा. आजचा अख्खा ग्रीनलंड वितळला तर समुद्र ७ मीटरच्या थोडा वर चढेल. म्हणजे दोन ग्रीनलंड भरून उरेल एवढा बर्फ एका वहीत आहे आणि दुसरीत नाही. या क्षेत्रात याला सरळ ‘हरवलेला बर्फ’ असंच म्हणतात. कुणी तो अंटार्क्टिकात शोधतं, कुणी म्हणतं मुळात हरवलेलाच नाही, मोजणी चुकली.

प्रवाळ नसेल तिथे समुद्रतळाच्या गाळातले वाळूच्या कणाएवढे शंख कामी येतात. ऑक्सिजनचे बहुतेक अणू हलके, थोडे जड असतात. हलक्या ऑक्सिजनचं पाणी जास्त सहज वाफ होतं, तेच बर्फ होऊन खंडावर अडकतं, आणि समुद्रात जडाचं प्रमाण वाढतं. शंखात ते नोंदलं जातं. १९५५ मध्ये सेझारे एमिलियानी यांना यात मुख्यतः पाण्याचं तापमान दिसलं, कारण थंडीतही जड ऑक्सिजन जास्त बसतो. १९६७ मध्ये निकोलस शॅकलटन यांनी तळाशी राहणाऱ्या जिवांचे शंख तपासले. तिथलं पाणी आधीच गोठणबिंदूच्या जवळ, आणखी किती थंड होणार? मग तिथेही फरक दिसतो तो बर्फाचाच असणार. २००५ साली ५७ ठिकाणच्या अशा नोंदी जुळवून ५३ लाख वर्षांचा चढ-उतार एका आलेखात आला. एकूण बर्फ किती, हे तो सांगतो. तो कुठे होता, हे अजिबात नाही.

पुन्हा पैनगंगेवर

ही सगळी हत्यारं घेऊन इरईला या आणि बघा, एकेक कसं गळून पडतं. बेरिलियम-१० दर १४ लाख वर्षांनी निम्मं होतं. ३० कोटी वर्षांत त्याचा मागमूस नाही. दबलेली जमीन केव्हाच वर येऊन स्थिरावली. त्या काळचा समुद्रतळच आता नाही, तो पृथ्वीच्या पोटात गेला. आणि जिथे बर्फ होता तो भारत तेव्हा इथे नव्हताच.

हे शेवटचं मात्र, खंड सरकतात असं मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनर यांच्या पथ्यावर पडलं. भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, सगळीकडे याच सुमाराचे ओरखडे. आजच्या नकाशावर बघितलं तर भारतात बर्फ विषुववृत्ताकडून उत्तरेला सरकतो आणि ब्राझीलमध्ये तो अटलांटिक समुद्रातून जमिनीवर चढतो. दोन्ही अशक्य. १९१२ पासून वेगेनर सांगत राहिले, खंड जोडून बघा. जोडले की ओरखडे ध्रुवाजवळच्या एका प्रदेशातून बाहेर पसरलेले दिसतात, आणि ब्राझीलचा समुद्रातून आलेला बर्फ आफ्रिकेतून चालत आलेला निघतो.

वय काढायला दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात याच थरांच्या मध्ये ज्वालामुखीची राख सापडते. त्या राखेतल्या झिरकॉन खड्यांत युरेनियमचं शिसं होत राहतं, ते घड्याळ ३० कोटी वर्षांनाही पुरतं. छत्तीसगडमधल्या मनेंद्रगडला तालचेर थरात युरिडेस्मा नावाचे थंड समुद्रातले जाड शिंपले आहेत. तसेच ऑस्ट्रेलियातही आहेत. म्हणजे बर्फ मागे हटला तेव्हा समुद्र आत शिरला. थर बारीक असेल तर एखाद्या वेळी एकटाच दगड त्यात रुतलेला दिसतो, खालच्या रेषा वाकलेल्या, वरच्या सरळ. तरंगत्या हिमखंडातून सुटून तो शांत पाण्याच्या तळाशी पडला, त्या एका क्षणाची ती नोंद.

एकूण बर्फासाठी कॅन्ससमध्ये आणि इलिनॉयमध्ये जावं लागतं. तिथे त्याच काळातले थर कोळसा, चुनखडी, पुन्हा कोळसा असे डझनावारी आळीपाळीने आहेत: समुद्र आला, गेला, आला. हे हजारो किलोमीटर दूरच्या गोंडवनातल्या (दक्षिणेकडच्या त्या जोडलेल्या खंडांचं हे नाव) बर्फाच्या वाढी-वितळण्याचं काम, असं १९३६ मध्ये वॅनलेस आणि शेपर्ड यांनी मांडलं. त्यातून गोंडवनावर एकच महाकाय हिमस्तर, हे पाठ्यपुस्तकातलं चित्र रुजलं. गेल्या वीसेक वर्षांत ते फुटलं. वेगवेगळ्या खोऱ्यांतली वयं जुळत नाहीत, ओरखडे एका केंद्रातून निघत नाहीत. आता अनेक लहान-मोठे हिमस्तर, कुणी आधी, कुणी नंतर, असं बहुतेक मानतात. मला हे जास्त पटतं, कारण एकच हिमस्तर हे मुळात रिकाम्या जागा एकाच रंगाने भरून काढलेलं चित्र होतं.

आणि जाडी? तिचं एक उत्तर २०२१ साली नामिबियाच्या वायव्येतून आलं. तिथल्या कोरड्या दऱ्या ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फानेच कोरलेल्या निघाल्या, नॉर्वेतल्या फ्योर्डसारख्या, म्हणजे बर्फाने कोरलेल्या आणि मग समुद्र आत शिरलेल्या खोल दऱ्यांसारख्या. मधल्या काळात गाळाखाली पुरल्या गेल्या म्हणून टिकल्या, आता गाळ धुपून पुन्हा उघड्या पडल्या. दऱ्यांची खोली आणि ओरखड्यांची उंची बघून तिथला हिमस्तर भरात असताना १.७ किलोमीटर जाड होता, आणि शेवटी दऱ्यांतून वाहणाऱ्या १०० मीटरच्या हिमनद्यांवर आला, असं गणित मांडता आलं.

चंद्रपूरची दरी उघडी नाही. तालचेरच्या वर नंतरच्या जंगलांचा कोळसा आहे, तोच वीजकेंद्रात जळतो. कोळशासाठी भोकं पाडणारे लोक खाली तालचेरचा हिरवट थर लागला की थांबतात, त्याखाली कोळसा नसतो म्हणून. जिथे भोक तालचेरमधूनही पार गेलेलं असतं तिथे त्याची जाडी कळते, आणि ती जागोजाग बदलते. कारण तो थर सपाट जमिनीवर बसलेला नाही. खालच्या जुन्या खाचखळग्यांत, दऱ्यांत भरलेला आहे.